अध्यक्षांची छत्री

परगावच्या माणसांना गावात थारा द्यावा की नाही, या प्रश्नावर भाईंदरात जर कोणी आयुष्यभर मूलगामी चिंतन केले असेल, तर ते हरीनाना पाटलांनी. हे चिंतन ते डोळे मिटून करीत. कधीकधी बारीक घोरण्याचा आवाजही येई.

नाना अध्यक्ष होते. कशाचे, हे विचारण्याची पद्धत नव्हती. गावात चार माणसे एका विषयावर भांडायला बसली की त्याला सभा म्हणत आणि सभा म्हटली की नाना अध्यक्ष. शाळेत हातांची एक खुर्ची होती. पूर्वी कधी मामलेदारसाहेब येणार म्हणून ती आणली होती; साहेब आले नाहीत, खुर्ची राहिली. सभेच्या दिवशी शाळेचा शिपाई गणपत ती पुसून भिंतीशी मांडी. नाना येत, खुर्चीकडे आदराने बघत, काखेतली काळी छत्री तिच्यावर आडवी ठेवीत आणि स्वतः शेजारी जमिनीवर मांडी घालून बसत. "तिच्यात बसला का मना बोलाया लागतंय," ते मला एकदा म्हणाले, "खाली बसला का आयकाया मिलतंय." त्यामुळे बोलणारे सगळे छत्रीकडे बघून 'अध्यक्ष महाराज' म्हणत. छत्रीनेही कधी कोणाला मध्येच तोडले नाही.

मी तेव्हा त्या शाळेत मास्तर होतो. साताऱ्याकडून आलो होतो, पण मला कोणी परगावचा म्हटल्याचे आठवत नाही. माझा पगार कोणाला हवासा वाटत नव्हता, हे त्याचे कारण असावे.

गाव मिठावर जगायचे. खाडीच्या कडेने मिठाची आगरे होती. मालक मुंबईत, राबणारे इथे. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. मिठाला देशात एकाएकी फार मान आला होता. त्याच्यासाठी चांगली शिकलेली माणसे तुरुंगात जात होती. आमच्याकडे मात्र मिठाचे ढीग गवताने शाकारून पडले होते, कारण मंदी होती आणि उचलायला व्यापारी येत नव्हता. मालकांनी मजुरी उतरवली. गाव चिडले. मालक मुंबईत असल्यामुळे त्यांच्यावर चिडणे गैरसोयीचे होते. मग गावाचे लक्ष रणछोडच्या टोळीकडे गेले.

रणछोडची टोळी दरवर्षी दिवाळीनंतर दमणच्या पलीकडून शिडाच्या मचव्याने यायची. दहा-बारा घरची माणसे, त्यांची भांडी, त्यांच्या कोंबड्या. बांधावर झोपड्या घालायची, मीठ काढायची आणि पावसाळ्याच्या आत परत जायची. मालक देईल ती मजुरी घ्यायची. गावकऱ्यांनीही त्या साली तीच मजुरी घेतली होती. पण गावकऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली होती आणि टोळीने मुद्दाम, असे सर्वांचे मत पडले.

या मताला भाषा दिली भास्कररावाने. भास्करराव वरच्या आळीचा. मुंबईत एका सॉलिसिटरच्या कचेरीत होता. मंदीत कचेरीने माणसे कमी केली, त्यात हा गेला. तो स्वतः हे सांगत नसे. 'देशकार्यासाठी नोकरी सोडली' असे त्याची आई सांगे. मुंबईहून तो येताना सभेचे नियम तोंडपाठ करून आला होता आणि ते वापरायला त्याला जागा हवी होती.

पहिली सभा मला चांगली आठवते. भास्करराव उभा राहिला. "अध्यक्ष महाराज," तो छत्रीला म्हणाला, "या परकीय लोकांच्या लोंढ्याने—"

"परकी म्हंजे इंग्रज ना रं?" खालच्या आळीचा धोंडू म्हात्रे मागून म्हणाला.

"इंग्रज नाही. रणछोड."

"मंग रणछोड बोल की. मी उगाच घाबरलो."

भास्कररावाने ठराव मांडला की आगरावर काम फक्त मूळच्या गावकऱ्यांनाच मिळावे. ठराव सर्वांना पसंत होता. अडचण एवढीच झाली, की नियमाप्रमाणे मूळचा म्हणजे कोण हे आधी ठरवणे भाग होते. भास्कररावाने सुचवले, ज्याचा आजा गावात जन्मला तो मूळचा. वरच्या आळीतून लगेच आवाज आला, "मंग धोंडू बाद. त्याचा आजा उरणचा."

"माजा आजा उरणशी आला तवा तुमच्या आजानं त्याला जागा दिली," धोंडू म्हणाला. "आन तुमच्या आजाला कोनी दिली? तो तर चेण्यावरशी पलून आलता."

"पलून न्हाय, निघून!"

यापुढे वादाला रंग चढला. एकेकाचे आजे-पणजे खाडीपलीकडून, डोंगरापलीकडून, वसईहून, कुठे कुठे बैलगाडीत आणि होडीत बसलेले सापडू लागले. दिवेलागणीपर्यंत गावात मूळचे असे कोणी उरले नाही. कोणीतरी देवीचे नाव घेतले, तेव्हा तिची मूर्तीही घाटावरून आणल्याचे निघाले. तेव्हा नानांनी डोळे उघडले, छत्री उचलली आणि म्हणाले, "सभा तहकूब. फुडच्या रईवारी."

ही नानांची एकमेव राजनीती होती. ते कोणाला विरोध करीत नसत, कोणाची बाजू घेत नसत. ते भांडणाला दमवत. रविवारमागून रविवार गेले. रणछोडची टोळी आगरावर काम करीतच होती आणि गाव तिला हाकलण्याचा विचार करीतच होते. मी एकदा त्यांना विचारले, "नाना, हे असं किती दिवस चालणार?"

"वैशाखापरत," नाना म्हणाले. "मंग त्ये आपलेच जातान."

पण माघातच ते बिनसले. ऐन सभेत एक माणूस धावत आला. उधाणाच्या भरतीने एका आगराची उघाडी, म्हणजे खाडीचे पाणी आत घ्यायचे दार, ढासळत होती. नाना तसेच उठले. सभा मोडल्याचे पाप नको म्हणून छत्री खुर्चीवरच ठेवून गेले. भास्कररावाने संधी साधली. आजे-पणजे त्याने वगळून टाकले आणि सरळ विचारले: रणछोडची टोळी आठवड्यात जावी की नाही? दोन्ही आळ्यांचे हात वर झाले. हे विशेष होते. देवीची पालखी आधी कोणाच्या दारात थांबवायची यावरून त्या दोन आळ्या कित्येक वर्षे एकमेकींच्या विहिरीचे पाणी पीत नव्हत्या.

नाना परत आले ते गुडघाभर चिखलात. त्यांना ठराव सांगितला. "झाला?" ते म्हणाले. "बरं." छत्री उचलून बाहेर पडले. मी मागून गेलो.

"नाना, तुम्ही नाही म्हणू शकला असता."

"गावानं कंदी न्हाय त्ये येकमत केलंय मास्तर," ते म्हणाले. "त्ये मोडू कसा?"

बांधावर रणछोडची बायको जीवी भाकऱ्या भाजत होती. काटक, ताडकन बोलणारी बाई. टोळीचा कारभार रणछोड करतो असे फक्त रणछोडला वाटे. तिचे दिवस भरत आले होते. नानांनी उभ्याउभ्याच सांगितले. रणछोड म्हणाला, "नाना, आमी काय वाईट केला?"

"कायच न्हाय."

"तो मग?"

जीवीने तव्यावरची भाकरी उलटली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आता मचवा नाय. होळीच्या आधी मचवा नाय. आमी काय पाण्यावरून चालत जायचा?"

दुसऱ्या दिवशी टोळी डोक्यावर भांडी घेऊन, कोंबड्या काखेत मारून, राई-मुर्ध्याच्या वाटेने निघून गेली. जीवी सर्वांत पुढे होती. गावाने त्या दिवशी नारळ फोडला.

आता मीठ कसे पिकते ते सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यात आहे. ज्या वाफ्यात मीठ धरते, त्याचा तळ फरशीसारखा टणक लागतो. तो पायांनी तुडवून करतात. माणसे एका रांगेत उभी राहतात, प्रत्येकाचे हात दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या खांद्यांवर, आणि गाणे म्हणत, एका तालात पाय आपटत रांग पुढे जाते, मागे येते. एकदा करून भागत नाही. मीठ ओढून काढले की पुन्हा तुडवावे लागते. रांग अखंड हवी. जिथे पाय पडत नाही तिथे चिखल राहतो आणि वर काळे मीठ येते. ते कोणी घेत नाही.

आमच्या गावाची रांग अशी असे: डावीकडे वरची आळी, उजवीकडे खालची आळी आणि मध्ये रणछोडची टोळी. हे कोणी ठरवलेले नव्हते. वरच्या आळीचा हात खालच्या आळीच्या खांद्याला लागत नसे, म्हणून मध्ये कोणीतरी लागे, आणि टोळीच्या खांद्याला कोणाची हरकत नव्हती. इतकी वर्षे हे इतके बिनबोभाट चालले होते, की ते कोणाच्या ध्यानातच राहिले नव्हते.

टोळी गेल्यानंतरच्या पहिल्या तुडवणीला मी मुद्दाम बघायला गेलो. डावीकडून वरची आळी आली, उजवीकडून खालची. मध्ये दोन हात जागा राहिली. "सरका की," वरच्या आळीने म्हटले. "तुमी सरका," खालच्या आळीने म्हटले. गाणे सुरू झाले. त्यातही वरची आळी एक कडवे पुढे होती. दोन रांगा पुढे गेल्या, मागे आल्या आणि मधली दोन हातांची पट्टी कोणाच्याही पायाला लागली नाही. भास्करराव बांधावर उभा होता. सभेच्या नियमांत यावर काही तरतूद नसावी.

पंधरवड्यात वाफ्यांच्या बरोबर मध्यावर काळा पट्टा उठला. एका वाफ्यात नव्हे, साऱ्या आगरात. मीठ ओढताना तो चिखल दोन्हीकडच्या पांढऱ्यात मिसळे. मुळात व्यापारी येत नव्हता, तो एक आला आणि बघून गेला. मीठ उचलले जाईना म्हणून मालकांनी मजुरी थांबवली. प्रत्येक आळी म्हणे, चिखल दुसऱ्या आळीच्या बाजूचा आहे. घरोघरी चुली थंडावू लागल्या तसे लोक बोलायचे थांबले. टोळीला परत बोलवा, हे सर्वांच्या मनात होते. पण ते तोंडाने म्हणायचे म्हणजे ठराव चुकला असे म्हणायचे. नारळ फोडून साजरा केलेला ठराव.

रविवारी सभा भरली. कोणीच बोलेना. अशी शांत सभा मी दुसरी पाहिली नाही. नाना डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, "भास्कर, मना येक सांग. त्यो ठराव झाला तवा मी कुटं व्हतो?"

"उघाडीवर."

"मंग अध्यक्ष कोन व्हता?"

भास्करराव घुटमळला. "छत्री होती, नाना."

"हात वर कोनी कोनी केलं?"

"सगळ्यांनी."

"छत्रीनं केला?"

धोंडू म्हात्रे पहिल्यांदा हसला. मग सगळेच हसले. पण ते हसणे फार सावध होते, दाराशी आलेल्या पाहुण्याने आत यावे म्हणून धडपडणाऱ्या माणसांचे. सगळे भास्कररावाकडे बघू लागले. त्याच्या बापाच्या वाट्याच्या वाफ्यातला पट्टा सर्वांत रुंद होता. तो उठला, गळा साफ केला आणि गंभीरपणे म्हणाला, "नियमाप्रमाणे, अध्यक्ष सभास्थानी उपस्थित नसताना संमत झालेला ठराव ग्राह्य धरता येत नाही."

"मंजी?" मागून कोणीतरी विचारले.

"म्हणजे ठराव झालाच नाही."

"तरी मी म्हनत व्हतो," धोंडू म्हणाला. तो असे कधीही म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाना उत्तनला निघाले. वाटेत बोलायला कोणी असावे म्हणून मला घेतले आणि डोंगरीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उत्तनला किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्याखाली रणछोडची टोळी कामाला लागलेली होती. त्यांना काम दिले होते पास्कूने. हा तिथला किरिस्ताव कोळी, दोन गलबतांचा धनी, नानांच्या ओळखीचा.

"काय नाना," पास्कू म्हणाला, "तुमच्या गावान ठराव पिकला म्हनतान. आमच्याकडं या साली बोंबील पिकलाय. मानसां लागतान आमाला."

"मानसां माजी हायत, पास्कू."

"तुजी? तू तर फेकून दिलीस. दर्यान फेकलेला ज्याला गावल त्याचा, ह्यो आमचा कायदा हाय." मग नानांचा चेहरा बघून तो नरमला. "त्यांना इचार. येतान तर ने. बाय बालंतीन झालेय, पोरगी हाय. माज्या म्हातारीनं नाव पन ठेवलंय, त्यांना सांगू नको, किरिस्तावाचं हाय."

रणछोड लगेच तयार झाला. जीवी झाली नाही. माडाच्या झापाच्या आडोशाला पोर मांडीवर घेऊन ती बसली होती. तिने नानांचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "येते. पण मधी नाय उभी राहणार. आमचा कोणी पण नाय राहणार."

"का गो?"

"मधी असला का दोनी बाजूचा भार आमच्यावर. आणि भांडण झाला का दोनी बाजूची लाथ पण आमालाच. कडेला राहू आमी. मधी तुमच्या गावचा माणूस उभा करा."

"आमच्या गावात मधला मानूस न्हाय, जीवी."

"तो मग मीठ काळाच खा."

नानांनी डोळे मिटले. मला वाटले, इथेही सभा तहकूब करणार. मग त्यांनी छत्री टेकून स्वतःला उठवले आणि म्हणाले, "चला."

तुडवणीला नाना धोतर वर खोचून वाफ्यात उतरले आणि मध्ये उभे राहिले. जन्माने ते वरच्या आळीचे, बायको खालच्या आळीची, पालखीच्या भांडणाआधी केलेली; दोन्हीकडच्यांना त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हरकत घेता येईना. टोळी एका कडेला उभी राहिली. नानांचे वय साठीच्या पुढे होते. गाणे सुरू झाले तेव्हा त्यांचा पाय तालात पडत नव्हता. दोन्ही आळ्यांना त्यांच्यासाठी ताल धीमा करावा लागला, आणि धीमा करताना तो एक झाला. काळा पट्टा त्या मोसमात पुरता गेला नाही, पण अरुंद झाला. मीठ विकले गेले, कमी भावाने. तेवढ्यावर गावाने वर्ष काढले.

पुढे प्रत्येक मोसमात नाना मध्ये असत. खारात उभे राहून त्यांच्या टाचा चिरल्या, गुडघे धरले. मोबदल्यात त्यांना काय मिळाले म्हणाल, तर दोन्ही आळ्या त्यांना दुसऱ्या आळीचा समजू लागल्या. "म्हातारा त्यांचाच," असे मी दोन्ही विहिरींवर ऐकले आहे. ते नानांना सांगितले तेव्हा म्हणाले, "बरं हाय. निदान कोन माजं आयकाया येनार न्हाय." पण लोक येतच राहिले आणि ते ऐकतच राहिले. थकलेला माणूस नाही म्हणायलाही थकतो, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

मग लढाई आली. मिठाला भाव चढला. गावची तरणी माणसे मुंबईला गोदीत आणि कारखान्यांत गेली. मचवे सरकारने अडकवले होते म्हणून एका साली टोळी वेळेवर आली नाही. लगेच सभा. भास्करराव आता पिकू लागला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "अध्यक्ष महाराज, या कष्टाळू पाहुण्यांवाचून—" भाषण मला ओळखीचे वाटले. 'लोंढा' होता तिथे 'ओघ' आला होता, बाकी बरेचसे तेच होते. ठराव असा, की टोळीला सन्मानाने बोलवावे आणि बांधावर कौलारू घरे द्यावीत. कौले कोणी द्यायची यावर वाद पेटला. दिवेलागणीला नानांनी छत्री उचलली. सभा तहकूब. टोळी पुढच्या महिन्यात आपणच आली आणि जुन्या झोपड्या शाकारून राहिली.

नानांना मी आगरावर शेवटचे पाहिले ते लढाई संपून काही वर्षे झाल्यावर, वैशाखात. त्या मोसमात त्यांना वाफ्यात उतरवले नाही, बांधावरच बसवत. मध्ये कोण होते म्हणाल, तर धोंडूचा मुलगा. त्याने वरच्या आळीतली मुलगी केली होती आणि त्याबद्दल दोन्ही घरांनी त्याला टाकले होते. टोळी परत निघाली होती. मचवा खाडीत उभा, माणसे चिखलातून फळ्यांवरून चढत होती. जीवी सर्वांत शेवटी राहिली. उन्हाने डोळे उघडवत नव्हते. उत्तनला जन्मलेल्या तिच्या थोरल्या मुलीच्या कडेवर आता स्वतःचे पोर होते, तान्हे.

"नाना, येते," जीवी म्हणाली. "पुढच्या साली पण मधी उभा राहायचा नाय. म्हातारा झाला तू."

"न्हाय ऱ्हात."

"हा. असाच बोलतो."

नानांनी हातातली छत्री तिच्यापुढे धरली. "घे. पोराला ऊन लागतंय."

"आणि तुझी सभा?"

"सभेला काय," नाना म्हणाले, "कंची पन चालतंय."

तिने छत्री उघडून पोरावर धरली. मचवा वळून दूर जाईपर्यंत तो काळा ठिपका दिसत होता. नाना उन्हात डोळे मिटून बसले होते. झोपले होते की ऐकत होते, ते मला कधीच ओळखता आले नाही.

आश्विनात ते गेले. शोकसभा शाळेत भरली. वरची आळी डावीकडे बसली, खालची उजवीकडे. गणपतने खुर्ची पुसून मांडली आणि सवयीने कोपऱ्यातली छत्री आणून तिच्यावर आडवी ठेवली. लोकांनी हात जोडले. कोणाच्या डोळ्यांत पाणी आले. भास्कररावाने छत्रीला झेंडूचा मोठा हार घातला आणि तासभर बोलला: नानांचे द्रष्टेपण, परप्रांतीयांविषयीचे त्यांचे सुस्पष्ट धोरण, आणि ही छत्री, जिच्या सावलीत हे गाव एक झाले. ती छत्री शाळेत कायम जतन करावी, असा ठराव दोन्ही आळ्यांनी एकमताने संमत केला.

सगळे गेल्यावर मी हार काढून खुर्चीवर ठेवला. छत्री माझी होती. मुठीला माझ्या बायकोने बांधलेला निळा दोरा होता. बाहेर ऊन होते, म्हणून मी ती घेऊन घरी गेलो.